घासलेली राणी

त्या वर्षी आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि दोघांचं बोलणं इकडून तिकडे वाहायचं काम माझ्याकडे होतं. भांडण नव्हतं हो! सासरा आणि सून होते ते. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही आणि सासरा सुनेला नावानं हाक मारत नाही. रीतच तशी. पण ही रीत ज्यानं लावली त्यानं सासूच्या जिभेचा काही विचार केलेला दिसत नाही.

म्हणजे बघा. जेवायला बसले की आमचे हे म्हणणार, "तिला म्हणावं, वरणात मीठ कमी आहे." ती कुठे? चुलीपाशी, दोन हातांवर. तिनं सगळं ऐकलेलं असतं. तरी ती माझ्या कानाशी येऊन म्हणणार, "आत्या, त्यांना म्हणा, वाढते मीठ." सासूला आम्ही आत्या म्हणतो, तेव्हा गोंधळू नका. आता हे यांनीही ऐकलेलं असतं. पण मी सांगितल्याशिवाय ताट काही पुढे सरकणार नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "तुम्ही दोघं बहिरे असता तर बरं झालं असतं, निदान मला जोरात ओरडायला तरी मिळालं असतं!" ती पदरात तोंड खुपसून हसली. हे भिंतीकडे बघून हसले. रीत मात्र तिथल्या तिथे.

हे म्हणजे तोताराम पाटील. घेतलं नाव, घ्या! या वयात आता कोण काय बोलणार आहे? घरातले सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. रावेरच्या अलीकडे आमचं गाव, केळीचं रान. एकुलता एक मुलगा अभिमन धुळ्याला सरकारी कचेरीत चिकटलेला. तिथं खोली मिळेपर्यंत त्याची नवी बायको आमच्याजवळ राहणार असं ठरलं होतं. सुनंदा तिचं नाव. शिंदखेड्याकडची, म्हणून बोली वेगळी. आम्ही 'हाये' म्हणतो तिथे ती 'शे' म्हणणार. पहिल्याच आठवड्यात ती हापशीवर "बठ्ठं पानी सरी गयं", म्हणजे सगळं पाणी संपलं, असं म्हणाली, तर आमच्या गावच्या बायकांनी तिला पोळा येईपर्यंत चिडवलं. बिचारीनं मग आपली बोली ट्रंकेत घालून ठेवली आणि घरात शाळेतल्या बाईंसारखं मोजून मापून बोलायला लागली.

मला ती पोरगी फार आवडली होती. सरळ सांगते, उगीच सासूपणाचा आव कशाला आणू? मला मुलगी नाही. संध्याकाळी ती माझ्या डोक्याला तेल लावायची आणि तिच्या गावच्या बाजारातल्या गमती सांगायची. आमच्या म्हशीला तिनं 'मावशी' म्हणायला सुरुवात केली, तर ती म्हैस तिच्या हाकेला मान वळवायला लागली. माझ्या हाकेला तिनं कधी कानसुद्धा हलवला नव्हता, मेलीनं.

आता नानांचं वेड सांगते, कारण सगळं रामायण त्यातून झालं.

नानांना जुन्या चांदीच्या रुपयांचा नाद. राणीछाप, राजाछाप, कंपनी सरकारचे, काय काय. आधी ते रावेरच्या सोनाराकडून घ्यायचे. खेड्यापाड्यातली माणसं लग्नकार्यासाठी रुपये मोडायला आणायची. ते मुशीत जायच्या आधी नाना त्यातले निवडून घ्यायचे. मग कुठल्याशा मासिकात त्यांना जाहिरात सापडली. लांबच्या शहरातला एक व्यापारी घरपोच रुपये पाठवायचा. नाना त्याला कार्ड टाकायचे. तो कागद रुपयावर ठेवून त्यावर पेन्सिल घासायचा आणि तो ठसा पाठवायचा. राणीचं नाक किती झिजलंय, केसांच्या रेघा दिसतात का, ते त्यात कळायचं. रंग मात्र पेन्सिलीत काय कळणार? त्यासाठी त्या माणसाच्या शब्दावर भरवसा. मग पार्सल व्हीपीनं यायचं. आधी पैसे भरा, मग सुतळी सोडा.

आणि नानांना रुपया कसा पाहिजे? काळा! हे ऐकून मी पहिल्यांदा कपाळावर हात मारला होता. म्हणाले, "चांदी वर्षानुवर्षं एका जागी शांत पडून राहिली, की तिच्यावर आपोआप झाक चढते. आधी पिवळी, मग तांबूस, मग निळी, मग काळी. ज्याच्यावर ती झाक आहे त्याला कुणी घासलेलं नाही, रगडलेलं नाही. टाकसाळीतून निघाला तसा तो खाली जिवंत आहे."

"जिवंत आहे तर आंघोळ घाला त्याला," मी म्हटलं.

रविवारी दुपारी ओसरीवर ऊन तिरपं आलं, की ते सागवानी पेटी घेऊन बसायचे. प्रत्येक रुपया जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला. दोन बोटांनी कडेला धरायचा, विंचू धरावा तसा, आणि उन्हात हळूहळू कलता करायचा. एकदा मलाही दाखवलं. डबक्यात रॉकेलचा थेंब पडल्यावर रंग पसरतात ना, तसं काहीतरी त्या काळ्याच्या आत सरकत होतं. छान होतं, नाही म्हणत नाही. पण लक्ष्मीचं तोंड काळं ठेवायचं आणि त्याचं कौतुक करायचं, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

सगळ्यांत लाडका होता बिनमुकुटाच्या राणीचा रुपया. कंपनी सरकारच्या वेळचा. तरुण राणी, मागे अंबाडा. त्याच लांबच्या व्यापाऱ्यानं पाठवलेला आणि सगळ्यांत काळा. "याला माणसाचा हात लागलाच नाही," नाना म्हणायचे, आणि असा पुन्हा गुंडाळायचे की जणू थंडी वाजेल तिला.

हे सगळं मला सांगितलं. अभिमनला सांगितलं. शेजारच्या लताबाईलाही सांगून झालं. नव्या सुनेला कोण सांगणार? सासरा सुनेशी बोलत नाही, आणि मला वाटलं, पेटी फडताळात वरच्या फळीवर आहे, तिला हात लावायचं काय कारण?

कारण निघालं. दिवाळी आली.

नव्या सुनेची पहिली दिवाळी असली, की लक्ष्मीपूजनाची चांदी तिनं घासायची, ही आमच्याकडची पद्धत. निरांजन, करंडा, वाटी, देवातला एक रुपया. सुनेच्या हाताला उजाळा किती, हे त्या दिवशी आल्यागेल्याला दिसतं. मी सकाळपासून कढईपुढे करंज्यांत गुंतलेली. तिला म्हटलं, "करंडा फडताळात आहे बघ." ती स्टुलावर चढली, करंडा काढला, आणि शेजारची पेटी तिला दिसली. उघडली. आत धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले काळेकुट्ट रुपये. पोरीच्या मनात काय आलं असेल सांगा? तिला वाटलं, म्हातारीचे डोळे अधू, लक्ष्मी काळी पडून राहिलीय, कुणाचं लक्ष नाही. आपण उजळून ठेवू, सगळे चकित होतील.

अन् झालेच हो चकित!

संध्याकाळी नाना आंघोळ करून, नवं धोतर नेसून पाटावर येऊन बसले. सुनंदा दिव्याची वात पुढे सारून दाराआड गेली. देवापुढे पितळी ताट होतं आणि ताटात गोलाकार मांडलेले रुपये असे लखलखत होते की माझेच डोळे दिपले. आणि मी मूर्ख, म्हणाले, "अगं बाई! कुठून आणलेस गं इतके नवेकोरे?"

ती दाराआडून लाजत म्हणाली, "घरातलेच आहेत, आत्या. चिंच आणि राख लावली. वरून रांगोळीची पूड."

मी नानांकडे बघितलं. त्यांनी ताटातला एक रुपया उचलला. बिनमुकुटाची राणी होती ती. आजवर जिला दोन बोटांनी कडेला धरलं होतं, तिला त्यांनी अख्ख्या पंजात धरलं. मी देवाला म्हटलं, आज या माणसाला ओरडू दे, भांडी फेकू दे, मी बघून घेईन. ते ओरडले नाहीत. त्यांनी राणी ताटात ठेवली, हळदकुंकवाची वाटी ओढली आणि एकेका रुपयाला बोट भरून हळदकुंकू लावलं. पंधरा-वीस वर्षं जपलेले रुपये देवळातल्या दानपेटीतल्या रुपयांसारखे झाले होते. मग आरती केली. आवाज नेहमीचाच होता, फक्त शेवटचं कडवं विसरले.

दिवाळीच्या सुट्टीवर आलेला अभिमन तेव्हा काय करत होता म्हणाल, तर बापाची बाजू घ्यावी की बायकोची, हे न सुचून फटाके आणायला निघून गेला. पुरुषाची जात!

सुनंदाला मी स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. ती मटकन खाली बसली. रडत रडत म्हणाली, "आत्या, मला कुणी सांगितलं असतं तर मी हात तरी लावला असता का?" खरंच होतं ते. मग नाक पुसत म्हणाली, "तो एक रुपया वेगळाच होता पण. अंबाड्याची राणी. तिचं काळं तर नुसत्या पाण्यातच..."

"बाई गं, आता त्या काळ्याचं नाव काढू नकोस," मी म्हटलं आणि तिला गप्प केलं.

जेवणं झाल्यावर नाना ओसरीवरून म्हणाले, "तिचा भाऊ कधी येणार न्यायला?"

"भाऊबीजेला. म्हणजे परवा."

"बरं. तिला म्हणावं, परत यायची घाई करू नको."

इतके महिने मी निरोप वाहिले, पण तो निरोप मी नाही वाहिला. गिळून टाकला. त्याचा काय उपयोग? ती दाराआड उभी होती. दोन हातांवर.

दुसऱ्या दिवशी पाडवा. मी नानांना ओवाळलं, पण ओवाळताना तोंडातून गोड शब्द निघेना. मग काही कारणानं सुनंदाच्या खोलीत गेले, तर तिची ट्रंक भरून ठेवलेली. माहेरी चार दिवस जायचं म्हटलं की ट्रंक भरणारच. पण थंडीची शाल कशाला भरली? लग्नातली पैठणी कशाला? आणि भिंतीकडे बघितलं तर खिळा रिकामा. त्या खिळ्याला तिचा आरसा असायचा, माहेरून आणलेला, कडेला रंगीत काचा लावलेला. दिवाळीला चार दिवस जाणारी पोरगी भिंतीवरचा आरसा काढून नेते का?

मी तिथेच उभी राहिले. मला कळलं, ही आता यायची नाही. अभिमनला धुळ्यात खोली मिळाली की ती परस्पर तिकडेच जाईल. सणाला येईल पाहुण्यासारखी, डोक्यावर पदर घेऊन, आणि माझ्या डोक्याला तेल लावायला कुणी नसेल.

मी तडक ओसरीवर गेले. नाना सुपारी कातरत होते. म्हटलं, "तिनं भिंतीवरचा आरसा उतरवलाय. कळतं का काही? रुपये घासले म्हणून माणूस घालवणार आहात का घरातलं?"

त्यांनी सुपारी कातरायची थांबवली. राग आला की मी बोलते, आणि हे असे बसतात. कोणाचं बरं, देव जाणे.

तेवढ्यात फाटकातून उखर्डू पोस्टमन आला. तो दिवाळीची पोस्त मागायला दरवर्षी पाडव्यालाच येतो. करंजी खात खात म्हणाला, "नाना, तुमची व्हीपी आलीय. त्या नेहमीच्याच माणसाची. आता येता का कचेरीत, की उद्या आणून देऊ?"

नानांचा चेहरा कालपासून पहिल्यांदा हलला. माझ्याकडे बघून म्हणाले, "याच माणसाकडे आणखी एक कंपनीचा रुपया मागितला होता. तोही काळाच आहे म्हणाला, न हाताळलेला." आणि उठून खुंटीवरची टोपी घेतली. मला बरंच वाटलं. म्हटलं, जाऊ दे, नवा रुपया आला की जीव रमेल यांचा.

आतून बांगड्या वाजल्या. सुनंदा दाराशी आली होती. हळूच म्हणाली, "आत्या, त्यांना सांगा ना, तो रुपया..."

"आता काही सांगू नकोस," मी म्हटलं. "एवढं झालं तेवढं पुरे नाही का?"

नाना पायरी उतरले. उखर्डू उठला. आणि मग आमच्या घरात जे कधी झालं नव्हतं ते झालं. सुनंदा उंबरा ओलांडून ओसरीवर आली. पदर डोक्यावर होता, मान खाली होती. पण बोलली. आणि भीतीनं असेल, शाळेतल्या बाईंची भाषा पार विसरून, आपल्या शिंदखेड्याच्या बोलीत बोलली.

"नाना, तो रुपया खोटा शे."

उखर्डूच्या हातातली करंजी तशीच राहिली. मी "अगं बाई" म्हणून तोंडावर पदर घेतला. नाना पाठमोरे थांबले.

"अंबाडानी राणीवाला," ती घाईघाईनं म्हणाली, बोलणं मध्येच अडकेल अशी भीती वाटल्यासारखी. "त्यानं काळं नुसतं पानीमाच निंघी गयं. काजळनांगत. बाकीनास्ले चिंच लागनी."

आता हे चिडणार असं मला वाटलं. सुनेनं समोर येऊन बोलायचं, तेही परक्या माणसादेखत! पण नाना वळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. 'तिला विचार' म्हणाले नाहीत. तरुणपणी ते धुळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये दोन हंगाम होते, तिथली बोली त्यांना येते हे मी विसरूनच गेले होते. ते सरळ तिलाच म्हणाले, "बाकीनास्नं काळं कसं निंघनं? सांग."

तिनं सांगितलं. बाकीच्या रुपयांना चिंच लावून ठेवावं लागलं. मग काळं तपकिरी झालं, तपकिरीचं पिवळं झालं, आणि पिवळं जाता जात नव्हतं, अंगठा दुखला. आणि राणीचा रुपया मात्र चिंचेच्या आधी नुसता भिजवला तर वाटीतलं पाणी शाईसारखं झालं, आणि बोटांना तेलकट लागलं.

नानांनी टोपी काढली. आत जाऊन देवापुढच्या ताटातली राणी घेऊन आले, धोतराच्या टोकानं कुंकू पुसलं, आणि अंगणात उन्हात उभे राहिले. भिंग आणायला मला सांगितलं. मी आणेपर्यंत सुनंदाच खाली उतरून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती.

"हे बघ," नाना म्हणाले. मला नाही, तिला. राणीच्या डोक्यावर, अगदी काठाशी, करवंदाच्या बीएवढा एक डाग होता. बाकीच्या चांदीहून जरा पिवळट. आणि काठाला कानशीचे ओरखडे. "इथं कडी होती. डाग देऊन बसवलेली. कुणा बाईच्या गळ्यातल्या माळेतला रुपया आहे हा. कडी काढली, कानस मारली, आणि ते दिसू नये म्हणून त्या माणसानं वरून काळं फासलं. आणि मी..." ते मध्येच थांबले. "मी त्या काळ्यालाच भुललो. म्हणत होतो, याला माणसाचा हात लागला नाही."

"म्हणजे खोटाच की," उखर्डू म्हणाला.

"रुपया खरा आहे. काळोखी खोटी." मग नाना सुनंदाकडे वळले. "आणि बाकीच्यांचं पिवळं सुटत नव्हतं म्हणालीस?"

"नव्हतं. अंगठा दाखवू?"

"म्हणजे बाकीचे सगळे खरे होते," नाना म्हणाले आणि त्यांच्या तोंडावर हसू फुटलं. "सगळे खरे होते!"

वा रे वा! खरे होते हे कळायला ते आधी घासून घालवावे लागले. मी मनात म्हटलं, या माणसाचा आनंद कुठून येईल ते सांगता येत नाही. पण हसत होते हो. कालच्यानंतर पहिल्यांदा हसत होते.

उखर्डू म्हणाला, "मग व्हीपीचं काय करू?"

"आधी उघडून दाखवशील?"

"छे! पैसे भरल्याशिवाय सुतळीला हात लावता येत नाही. नियम आहे."

"मग परत पाठव. घेतली नाही म्हणून लिही. आजपासून माझाही नियम आहे, अंधारात रंग घ्यायचा नाही." आणि त्याला पोस्त मात्र दरवर्षीपेक्षा जास्त दिली.

ते सगळं झालं, पण ट्रंक भरलेलीच होती. मी संध्याकाळी दोनदा जाऊन बघितलं. खिळा रिकामाच. एकदा अंगणात उभं राहून बोलली म्हणून 'घाई करू नको' हे शब्द काही पुसले जात नाहीत. नानांनाही ते कळत असावं, कारण रात्री जेवताना त्यांना वरणात मीठ कमी लागलं आणि त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही.

भाऊबीजेला सुनंदाचा भाऊ नथ्थू दुपारच्या एसटीनं आला. चहा झाला, फराळ झाला. सुनंदानं त्याला ओवाळलं. अभिमनही त्यांच्याबरोबर सासरी दिवाळसणाला जाणार होता, म्हणून नवा शर्ट घालून मिरवत होता. ट्रंक ओसरीवर आली. नथ्थू ती उचलणार, इतक्यात आतून नाना आले. हातात सागवानी पेटी.

"सुनंदा," ते म्हणाले.

घरातलं सगळं एकदम थांबलं. नाव घेतलं होतं त्यांनी. नथ्थूनं बहिणीकडे बघितलं, अभिमननं बापाकडे बघितलं, आणि मी खांब धरला.

"इकडे ये, सुनंदा. हे बघ." त्यांनी पेटी उघडली. रुपये पुन्हा धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले होते, एकेक वेगळा. रात्रभर बसून गुंडाळले असणार. "चांदी पुन्हा झाक धरते. आपली आपण. फक्त तिला राहू द्यायचं, उगीच हात लावायचा नाही. पण वेळ लागतो. पंचवीस वर्षं, तीस वर्षं. मी तोवर कुठला? अभिमनला यात काही गोडी नाही. म्हणून ही पेटी आता तुझी. तू घासलेस ना? आता काळे होईपर्यंत तूच सांभाळायचे. वर्षातून एकदा उन्हात बघायचं, कडेला धरून, आणि मला सांगायचं, काय रंग आला."

सुनंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती पेटी घ्यायला हात पुढे करत नव्हती.

"पण ही प्रवासात न्यायची नाही," नाना म्हणाले, आणि आता त्यांचाही आवाज हलला. "ती इथंच राहील फडताळात. म्हणून विचारतो. कधी येशील?"

मी गिळलेला निरोप त्यांनी असा उलटा करून दिला. माझ्या हातून नाही. स्वतःच्या तोंडानं.

"आठ दिवसात येस, नाना," ती म्हणाली. तिनं पेटी घेतली, आत नेली, फडताळात ठेवली. मग ओसरीवर येऊन, सगळ्यांदेखत ट्रंकेचं कुलूप काढलं, वरची शाल बाजूला केली, आणि काहीतरी पदराखाली धरून पुन्हा आत गेली. नथ्थू म्हणाला, "काय विसरलीस गं?"

एसटी निघून गेल्यावर मी तिच्या खोलीत गेले. रंगीत काचांचा आरसा खिळ्याला लावलेला होता. मी त्यात माझं तोंड बघितलं. केस पार विस्कटलेले होते. म्हटलं, राहू दे, आठ दिवस असेच राहू दे.

ती आली. आठव्या दिवशीच आली. पुढे अभिमनला धुळ्यात खोली मिळाली तेव्हा दोघं तिकडे गेले, पण पेटी गेली नाही, त्यामुळे दर दिवाळीला, अक्षय्य तृतीयेच्या आखाजीला आणि मधल्या कुठल्याही सुट्टीला तिला यावंच लागतं. आल्याबरोबर तिच्या आणि नानांच्या तासन्‌तास गप्पा रंगतात. बिनमुकुटाच्या राणीला नानांनी सोनाराकडून पुन्हा कडी लावून आणली, म्हणाले, गळ्यातली होती, गळ्यातच जाऊ दे. सुनंदा ती काळ्या गोफात घालते आणि दर दिवाळीला चिंच लावून खुशाल लख्ख घासते. बाकीच्या रुपयांना मात्र कुणाला बोटसुद्धा लावू देत नाही, स्वतःच्या मुलीलाही नाही.

या दिवाळीला दोघं ओसरीवर पेटी उघडून बसली होती. मी आत चकल्या तळत होते. एकदम बाहेरून दोघांचा एकच ओरडा, "आली! आली!" मी झारा टाकून धावत गेले, म्हटलं कोण आलं? दोघं एका रुपयावर डोकी लावून बसलेली. काठाला, अगदी कडेला, पिवळी झाक धरली होती. पातळ. पाहिली न पाहिली अशी.

"अजून बरीच वर्षं आहेत, नाना," सुनंदा म्हणाली.

"असू दे की," नाना म्हणाले. "आपण बसलोय."

मी विचारलं, "मला कोणी दाखवणार आहे का?" कुणी वर बघितलं नाही. माझ्या निरोपांची गरज संपलीय या घरात. आत जाऊन बघते तर चकल्या करपलेल्या, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.